समुद्राविना चौपाटी

सोलापूरहून अक्कलकोटला निघाले की सुमारे २० किलोमीटरवर वळसंग लागते. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी ३०० किलोमीटर दूर आहे. वळसंगच्या एका शाळेत आम्ही सातवीच्या मुलांशी 'किनारा' या विषयावर बोलत होतो. समुद्र कोणी कोणी पाहिला आहे, असे विचारल्यावर चार-पाच हात वर झाले. चौपाटी कोणी पाहिली आहे, असे विचारल्यावर मात्र जवळजवळ सगळ्या वर्गाने हात वर केले. आम्ही बुचकळ्यात पडलो. मग उलगडा झाला. मुलांनी पाहिलेली चौपाटी सोलापूरची होती. पार्क चौकाजवळ संध्याकाळी लागणाऱ्या भेळ, पावभाजी आणि आइस्क्रीमच्या गाड्या म्हणजे त्यांची चौपाटी.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग मुंबईच्या चौपाटीवर समुद्र कशाला आहे?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण परतताना एस.टी.त हा प्रश्न आमची पाठ सोडीना. समुद्राविना चौपाटी असू शकते, हे त्या मुलीने किती सहज गृहीत धरले होते! आणि तिचे काही चुकलेही नव्हते. गेल्या शंभर वर्षांत जगातील अनेक शहरांनी नेमके हेच केले आहे. समुद्र दूर असला तरी त्यांनी भर शहरात वाळू आणून टाकली, पाणी खेळवले आणि किनारा उभा केला. कोणी तो गरिबांच्या मुलांसाठी केला, तर कोणी तिकीट लावून धंद्यासाठी केला. या इतिहासात भूगोल आहे, पदार्थविज्ञान आहे आणि नागरिकशास्त्रही आहे. म्हणून तो शिक्षक मित्रांपुढे ठेवत आहोत.

चार पाटांची गोष्ट

सुरुवात शब्दापासून करू. मुंबई शहराच्या जुन्या गॅझेटियरमध्ये 'चौपाटी' या नावाची फोड 'चार पाट' अशी दिली आहे. पाट म्हणजे पाण्याचा ओहोळ. भरतीचे पाणी जिथून आत शिरत असे, असे चार ओहोळ त्या जागी होते. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे नावही याच जातीचे. म्हणजे मूळ शब्दात ना वाळू आहे, ना भेळ. आहे ते फक्त पाणी.

पुढे मुंबईची बेटे भराव घालून जोडली गेली, ओहोळ बुजले आणि नाव उरले ते गिरगावच्या वाळूला. ही वाळू शहरातले सर्वांत मोठे मोकळे आवार बनली. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचे अंत्यसंस्कार इथे झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात इथे समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढले गेले. सभा इथे भरल्या, गणपती इथे विसर्जित झाले आणि दिवसभर गिरणीत राबलेली माणसे वारा खायला इथेच आली. येणाऱ्याला कोणी तिकीट विचारले नाही. जिथे माणसे जमतात तिथे खाद्यपदार्थांच्या गाड्या येतात, तशा त्या इथेही आल्या.

यानंतर शब्दाने किनारा सोडला. पुण्यात सारसबागेजवळ चौपाटी झाली, सोलापुरात पार्क चौपाटी झाली. घाटावरच्या कितीतरी गावांत आज चौपाटी आहे. पाणी आधीच गेले होते, मग वाळूही गेली आणि शेवटी खाणे तेवढे उरले. भाषेत शब्दांचे अर्थ असे सरकतच असतात. पण इथे शब्दाबरोबर एक अपेक्षाही सरकत आली, ती म्हणजे चौपाटी सगळ्यांची असते ही. ही अपेक्षा कुठे टिकली आणि कुठे गळाली, ते आता पाहू.

थेम्सकाठची वाळू

शहरात किनारा आणण्याचे एक जुने आणि लोभस उदाहरण लंडनचे आहे. पूर्व लंडन ही गोदी कामगारांची, दाटीवाटीची, गरीब वस्ती. तिथल्या कितीतरी मुलांना समुद्रकाठी जाण्याचे रेल्वेभाडे परवडत नसे. १९३४ मध्ये टॉवर ब्रिजजवळ थेम्स नदीच्या चिखलाच्या काठावर सुमारे १,५०० पडाव भरून वाळू आणून पसरण्यात आली. ओहोटी असेल तेवढे काही तास हा किनारा मोकळा होई आणि भरती आली की मुले शिडीने वर चढत. प्रवेश फुकट होता. पहिल्या पाच वर्षांत पाच लाखांच्या आसपास लोक तिथे येऊन गेले.

दुसऱ्या महायुद्धात हा किनारा बंद झाला, युद्धानंतर पुन्हा सुरू झाला आणि १९७१ मध्ये कायमचा बंद करावा लागला. वाळू संपली नव्हती, मुलेही कमी झाली नव्हती. नदीचे पाणी अंगाला लावण्याजोगे राहिले नाही, हे त्याचे मोठे कारण होते. १९५७ मध्येच लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील शास्त्रज्ञांनी थेम्सचा शहरातला भाग जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरवला होता. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या बाजूला लाटासुद्धा यंत्राने निर्माण करता येतात, हे अभियंत्यांनी दाखवले. बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहात १९२७ मध्ये लाटांचा तलाव सुरू झाला. तलावाच्या एका टोकाला पाणी ठरावीक वेळाने ढकलले की लाट तयार होते आणि समोरच्या उथळ उतारावर येऊन फुटते. समुद्रात हे काम वारा करतो, इथे मोटार करते. मोटारीला वीज लागते, विजेला पैसे लागतात आणि म्हणून लाटेला तिकीट लागते.

या मार्गाचे टोक जपानमध्ये गाठले गेले. मियाझाकी येथे १९९३ मध्ये ३०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद असा छताखालचा समुद्र उघडला. छत सरकते होते, लाटा यंत्राच्या होत्या आणि वाळू संगमरवराचा चुरा करून बनवलेली होती. गंमत अशी की खरा समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता. २००७ मध्ये हा प्रकल्प बंद पडला. मुंबईतही याच काळात गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आणि १९९८ मध्ये वॉटर किंगडम सुरू झाले. गोराईचा खरा किनारा तिथेच जवळ होता, फुकट होता. तरीही मोठ्या संख्येने लोक पैसे भरून यंत्राच्या लाटांत भिजायला गेले. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. खऱ्या किनाऱ्यावर भरतीची भीती असते, कचरा असतो, कपडे बदलायला आडोसा नसतो. सोयीची किंमत माणसे मोजतात. मात्र ज्याच्याकडे ती किंमत नाही, तो फाटकाबाहेर राहतो.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराची कथा याच्या मधोमध येते. तिथे १९८८ मध्ये नदीकाठी जागतिक प्रदर्शन भरले. प्रदर्शन संपल्यावर ही मोक्याची जमीन व्यापारी बांधकामासाठी देण्याचा विचार होता. नागरिकांनी आग्रह धरला की ही जागा सगळ्यांसाठी राहिली पाहिजे. १९९२ मध्ये तिथे सार्वजनिक उद्यान खुले झाले आणि त्यात शहराच्या मध्यावर वाळूचा कृत्रिम किनारा करण्यात आला. त्याला प्रवेशमूल्य ठेवले नाही.

दोन चौक, दोन वाटा

शहरी किनाऱ्यांची लाट खऱ्या अर्थाने उसळली ती २००२ मध्ये, पॅरिसमध्ये. महापौर बर्ट्रांड डेलानोए यांच्या कारकिर्दीत सेन नदीकाठचा मोटारींचा हमरस्ता उन्हाळ्यात काही आठवडे बंद करून तिथे वाळू, ताडाची झाडे आणि आरामखुर्च्या मांडण्यात आल्या. सुट्टीत समुद्रावर जाणे ज्यांना शक्य नाही, अशा पॅरिसकरांसाठी हा घाट होता. प्रवेश फुकट होता. नदीत उतरायला मात्र बंदी होती. सेनमध्ये पोहण्यावरची ही बंदी १९२३ पासूनची. म्हणजे वाळूवर बसायचे, नदी पाहायची, पण तिला हात लावायचा नाही.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. २०१६ मध्ये त्या काठचा रस्ता मोटारींना कायमचा बंद झाला. २०१७ मध्ये वाळू पुरवणाऱ्या सिमेंट कंपनीशी नगरपालिकेचे राजकीय कारणावरून बिनसले आणि वाळू येणे थांबले. उन्हाळी काठ मात्र वाळूविना चालू राहिला. त्याच वर्षी ला व्हिलेत या कालव्याच्या भागात पोहण्याचे हौद सुरू झाले. सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून मोठा खर्च करण्यात आला आणि जुलै २०२५ मध्ये, तब्बल १०० वर्षांनी, सेन नदीतच सर्वसामान्यांसाठी पोहण्याच्या जागा उघडल्या. लंडनची वाळू घाण पाण्यापुढे हरली होती. पॅरिसमध्ये वाळू गेली आणि पाणी आले.

दुसरी वाट इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची. या शहराच्या मध्यावर ओल्ड मार्केट स्क्वेअर हा जुना बाजारचौक आहे. शेकडो वर्षे इथे बाजार भरे आणि वर्षातून एकदा 'गूज फेअर' ही मोठी जत्रा भरे. १९२८ मध्ये जत्रा दुसऱ्या मैदानावर हलवण्यात आली आणि बाजारही चौकातून गेला. २००७ मध्ये चौकाची नव्याने बांधणी झाली आणि त्यानंतर वर्षभरातच उन्हाळ्यात तिथे वाळूचा किनारा मांडला जाऊ लागला. वाळू, उथळ पाण्याचा हौद, आणि भोवती पैसे घेऊन चालणारे पाळणे व खाण्यापिण्याचे ठेले. मुलांना ही मजा आवडते, दुकानांना गिऱ्हाईक मिळते, नगरपालिकेला भाडे मिळते. तक्रार करणारे म्हणतात की चौकात नुसते बसायला जागा उरत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे. जत्रा चौकातून काढून ८० वर्षे झाल्यावर ती वाळूचा वेष घेऊन परत आली, असे आम्हाला वाटते.

होम मैदानातली गड्डा जत्रा

हे वाचून सोलापूरचा शिक्षक म्हणेल, यात नवीन ते काय? शहराच्या मध्यभागी माणसांनी केलेले पाणी आणि त्याशेजारी पाळणे, हे आमच्याकडे कधीपासून आहे! आणि ते खरेच आहे.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव बांधवला. बसवेश्वरांच्या काळातले हे वचनकार. लोकांच्या उपयोगी पडणारे काम हीच पूजा, या विचाराने त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी तलाव खोदला, असे परंपरा सांगते. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास. अशा मुलखात तलाव म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. आज सिद्धेश्वराचे मंदिर याच पाण्याने वेढलेले दिसते आणि शेजारी भुईकोट किल्ला उभा आहे. म्हणजे सोलापूरच्या मध्यावरचा हा पाणकाठ कृत्रिमच आहे, फक्त तो सुमारे ८५० वर्षांचा आहे.

दर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज मिरवत ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात, अक्षता सोहळा होतो, होमविधी होतो. ज्या मैदानात होम होतो ते होम मैदान. (नवखा माणूस 'होम' वाचून घर समजतो, म्हणून हा खुलासा.) याच मैदानात गड्डा यात्रा भरते. आकाशपाळणे, मौत का कुआँ, जादूचे खेळ, भांड्यांची दुकाने, चिरमुरे-फुटाणे. आसपासच्या खेड्यांतून मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे येतात. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून सोलापुरात गिरण्या वाढत गेल्या, तेव्हा गिरणी कामगारांच्या मुलांची वर्षातली मोठी मौज हीच होती.

इथे धंदा नाही असे नाही. पाळणेवाला पैसे घेतोच. पण तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. मैदानात शिरायला पैसे पडत नाहीत, पडतात ते पाळण्यात बसायला. ज्याच्या खिशात काही नाही तोसुद्धा दिवे पाहत, गर्दीत मिसळत फिरू शकतो. दुसरे, जत्रा उठते आणि मैदान पुन्हा मोकळे होते. तिसरे, जत्रा कोणत्या दिवशी भरणार हे पंचांग ठरवते, ठेकेदार नाही.

२०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेतल्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली. तेव्हापासून तलाव, मैदाने आणि चौक यांच्या सुशोभीकरणाची भाषा शहरात रुळली आहे. सुशोभीकरण हवेच. पण सिद्धेश्वर तलावात मासे मेल्याच्या बातम्या सोलापूरकरांना नव्या नाहीत. निर्माल्य आणि सांडपाणी यांतून नायट्रोजन व फॉस्फरस पाण्यात उतरतात, त्यावर शेवाळ माजते, ते मेल्यावर कुजते आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवते. काठावर कितीही दिवे लावले तरी ही रासायनिक क्रिया थांबत नाही. लंडनचा धडा इथे लागू पडतो.

ती वाळू कुणाच्या विहिरीची?

आता आमच्याच एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी शिक्षकांसाठी भरवलेल्या विज्ञान जत्रेत आम्ही मैदानात एक छोटा किनारा केला होता. लाटा वाळू कशी हलवतात, ओल्या वाळूचा किल्ला का उभा राहतो, हे मुलांना हाताने करून कळावे, हा हेतू. त्यासाठी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या वाळू आणली. मुले खूश, आम्ही खूश. संध्याकाळी भीमाकाठच्या गावातले एक पालक वाळूजवळ आले. त्यांनी मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली आणि म्हणाले, "साहेब, खेळ छान आहे. पण ही आमच्या विहिरीची वाळू आहे."

आम्हाला आधी अर्थच लागला नाही. विहिरीत कुठे वाळू असते? मग त्यांनी समजावून सांगितले आणि आम्ही, विज्ञानातल्या पदव्या घेतलेली माणसे, ऐकत राहिलो.

ते काय म्हणाले हे वर्गात दाखवता येते. एका पेल्यात कोरडी वाळू काठोकाठ भरा. आता मोजपात्रातून त्यात हळूहळू पाणी ओता. वाळूच्या पृष्ठभागावर पाणी दिसू लागेपर्यंत थांबू नका. पेला २०० मिलिलिटरचा असेल, तर साधारण ६० ते ८० मिलिलिटर पाणी आत मावते. म्हणजे भरलेल्या पेल्यातही एक तृतीयांश जागा रिकामी होती. नदीच्या पात्रातल्या वाळूचे असेच असते. पूर येऊन ओसरतो, वरून नदी कोरडी दिसते, पण वाळूच्या पोटात पाणी साठलेले असते. उन्हापासून ते झाकलेले राहते आणि काठच्या विहिरींची पातळी धरून ठेवते. वाळू उपसली की ही टाकीच जाते. शिवाय पात्र खोल होते आणि काठच्या जमिनीतले पाणी उलट नदीकडे उतरू लागते. विहिरी आटतात त्या अशा.

आणखी एक हिशेब मुलांकडून करून घ्यावा. समजा एखाद्या शहराने चौकात ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाडीचा किनारा करायचे ठरवले. वाळू लागेल ३०० घनमीटर, म्हणजे सुमारे १०६ ब्रास. वजन ४८० टनांच्या आसपास. नदीत असताना या वाळूच्या पोटात सुमारे १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर पाणी मावले असते. ते सगळे विहिरीत येत नाही, काही कणांना धरून राहते. पण दर पुराला ही टाकी पुन्हा भरते, हेही विसरू नये. शेजारी १,००० चौरस मीटरचा उघडा हौद केला, तर सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास पाण्याची वाफ होईल. म्हणजे रोज १०,००० लिटर. किती घरांचे पाणी होते हे, ते मुलांनी आपापल्या घरच्या घागरी मोजून सांगावे.

एका चौकाने नदी संपत नाही, हे मान्य. जगभरात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ मधील अंदाज आहे. त्यातली बहुतेक बांधकामात जाते. आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन काळी माती भरपूर होते, पण त्या खडकात सुटे क्वार्ट्झ जवळजवळ नसल्याने वाळू त्या मानाने बेताचीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ५ हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या वाळू-मुरुमाच्या उपशालाही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरवली, ती या ओरबाडण्यामुळेच. चौकातला किनारा या हिशेबात कणभर आहे. पण तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. म्हणून शिकवायला सोयीचा.

खऱ्या किनाऱ्याची आणखी एक बाब इथे सांगायला हवी. कोकणात पावसाळ्यातल्या उंच लाटा काठची वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर नेऊन ठेवतात आणि हिवाळ्यातल्या शांत लाटा ती परत आणतात. किनारा रोज धुतला जातो, चाळला जातो. चौकातल्या वाळूला लाटा नाहीत. ती कोणीतरी चाळावी लागते, धुवावी लागते, कुत्र्या-मांजरांपासून जपावी लागते. नाही तर महिन्याभरात ती घाणीचा थर होते. समुद्र जे फुकट करतो, ते इथे सफाई कामगाराला करावे लागते.

वळसंगची विहीर

वाळू कुठून आली आणि पाणी कुठून आले, हे झाले. तिसरा प्रश्न उरतो, तो म्हणजे तिथे येणार कोण? याचे उत्तर शोधायला लंडन-पॅरिसला जायला नको. ते वळसंगमध्येच आहे.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि तो संमत झाला. कागदावर पाणी सार्वजनिक झाले. प्रत्यक्षात काय होते, हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर दिसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली. तळे खासगी आहे, असा दावा करून प्रकरण न्यायालयात नेण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे.

त्याच १९३७ साली बाबासाहेब वळसंगला आले. इथल्या दलित वस्तीने स्वतःच्या कष्टाने खोदलेल्या विहिरीचे पाणी ते प्याले. गावाने ती आठवण जपली आहे. विहीर छोटी आहे. तिला लाटा नाहीत, काठाला वाळू नाही. पण ती खोदावी का लागली, हे एकदा समजले की 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही. जे पाणी सगळ्यांचे म्हणवते, तिथे सगळे जाऊ शकत नसतील, तर ते सगळ्यांचे नाही. आडवी येणारी गोष्ट जात असेल, तिकीट असेल किंवा फाटकावरच्या रखवालदाराची नजर असेल. तिघांचे इतिहास वेगळे आहेत आणि जातीच्या छळाची बरोबरी तिकिटाशी होऊ शकत नाही. पण कोणत्याही चौकाला विचारायचा प्रश्न एकच आहे. इथून कोण परत जातो?

वर्गासाठी

आम्ही पुन्हा वळसंगला गेलो तेव्हा हे सगळे मुलांना सांगितले. मग त्यांना एक काम दिले. आपल्या गावात किंवा सोलापुरात माणसे जमण्याची एक जागा निवडायची: पार, बाजार, बसथांबा, मैदान, बाग. तिथे तासभर बसायचे आणि लिहायचे. बसायला फुकट जागा किती? पाणी प्यायला मिळते का? बायका, म्हातारी माणसे, लहान मुले किती? सायंकाळी दिवा लागतो का? कोणी कोणाला उठवते का? शिक्षकांनी हा उपक्रम आपल्या गावी करून पाहावा. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र या तिन्ही तासांना तो पुरेल.

मागच्या बाकावरची ती मुलगी या वेळी पुढे बसली होती. तिने बसथांबा निवडला होता. तिच्या वहीत लिहिले होते: बाक दोन, सावली एका झाडाची, पाणी नाही, बसलेल्या बायका सहा, उठवणारे कोणी नाही.

आम्ही तिला तिच्या जुन्या प्रश्नाची आठवण करून दिली. मुंबईच्या चौपाटीवर समुद्र कशाला आहे, याचे उत्तर सापडले का? ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "वाळू धुवायला, सर."

आम्ही उत्तर बरोबर दिले.